दारापलीकडची शिकवणी

आमच्या मिडल स्कूलमध्ये इंग्रजीचा साधा भूतकाळ दिवाळीची सुट्टी संपल्यावर लागायचा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी तो तिथे ठेवला होता, आणि त्यांना धानाची काही माहिती नसावी. गोंदियाच्या आसपास दिवाळीनंतर कापणी सुरू होते, मग भारे बांधणे, मग चुरणे म्हणजे मळणी. शेतकऱ्यांची मुले तीन-चार आठवडे वर्गात दिसत नसत. ती परत येत तेव्हा तळहात सोलवटलेले असत आणि वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असे. त्यामुळे आमच्या भागातला शिकलेला माणूस इंग्रजीत आजचे बोलतो, उद्याचेही बोलतो आणि कालचे सांगायला गेला की अडखळतो. लोक मास्तरांना नावे ठेवतात. मी सत्तावीस वर्षे तो धडा शिकवला, म्हणून सांगतो, दोष धानाचा आहे.

संपादकांनी नोकरीतल्या गमतीच्या आठवणी मागितल्या आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला म्हणून मी वेळेआधी घरी बसलो. मोठ्या अक्षरांत, थांबत थांबत लिहितो. गमतीच्या दोन आठवणी देतो. तिसरी गमतीची नाही, पण ती सोडून दिली तर आधीच्या दोन लिहिण्यात अर्थ नाही.

ज्यांना इंग्रजीचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी कामाचे स्वरूप सांगतो. इंग्रजीत 'गो' म्हणजे जाणे. तो काल गेला असे सांगायचे तर 'गो' चालत नाही, 'वेंट' लागते. दोन्ही शब्दांचे तोंड एकमेकांशी मिळत नाही, ते नुसते पाठ करायचे. अशी शंभर-सव्वाशे रूपे असतात आणि वर्ग ती पाढ्यासारखी ओरडतो. खरी अडचण त्यापुढे आहे. तो गेला नाही असे म्हणायचे तर मध्ये 'डिड नॉट' येते, आणि ते आले की 'वेंट' पुन्हा 'गो' होते. मुले हटकून 'डिड नॉट वेंट' म्हणतात. मी त्यांना म्हणत असे, "शेतातून दोघे जण येत आहेत. भारा एकच आहे. एकाने डोक्यावर घेतला तर दुसरा कसा चालेल?" मुले म्हणत, "मोकळा." "मग डिडने भारा घेतला, आता गोने कायला घ्यायचा?" ज्यांनी महिनाभर भारे वाहिले होते त्यांना हे एका दमात समजे. व्यापाऱ्यांच्या मुलांना दोनदा सांगावे लागे.

एकदा तपासणीला बाहेरचे एक इन्स्पेक्टर आले. पोशाख कडक, मराठी त्याहून कडक. मी वर्गाला चालू वर्तमानकाळ विचारत होतो. 'आय ॲम गोइंग' याचे मराठी काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मी जाऊन राहिलो." इन्स्पेक्टरांनी पुस्तक मिटले.

"ही कुठली भाषा?"

मी म्हटले, "यांच्या घरची."

"मी जात आहे, असे शिकवा."

तसे शिकवायला माझी हरकत नव्हती. पण साहेब, इथला मुलगा 'जात आहे' म्हणजे नेमके काय हेच मला विचारतो, आणि 'जाऊन राहिलो' म्हटले की इंग्रजी रूप त्याच्या तोंडात आपोआप बसते, असे मी हळूच सांगितले. त्यांनी शेऱ्यात लिहिले की शिक्षकाची स्वतःची भाषा सुधारण्यास वाव आहे. तो शेरा मी जपून ठेवला आहे. त्यांनी वर्गाला विचारलेल्या दहापैकी नऊ वाक्यांची उत्तरे बरोबर आली होती, ते मात्र कुठे लिहिले नाही.

दुसरी आठवण भैयालालची. तो दरेकसाला रेल्वेत सांधेवाला होता. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायची तर रुळाचे सांधे फिरवणारा माणूस. वरच्या जागेसाठी त्याला साहेबासमोर चार वाक्ये इंग्रजीत बोलून दाखवायची होती. सुट्टीच्या दिवशी तो सकाळच्या गाडीने येई आणि ओसरीत मांडी घालून बसे. मी वर्तमानकाळापासून सुरुवात केली तसा त्याने हात जोडले.

"गुरुजी, हमको सिर्फ हो चुका वाला सिखा दो. गाडी आयी, गाडी गयी, सिग्नल गिरा. होनेवाला रेल में कोई नहीं पूछता."

"आणि सध्या चाललेले?"

"जो चल रहा है, वो तो साहब को दिखता है."

मी त्याला तेवढेच शिकवले. तो पास झाला, जंगलातला मध घेऊन आला आणि दारातून ओरडला, "आय केम, गुरुजी!" पुढे जेव्हा भेटे तेव्हा हेच. नमस्कार नाही, राम-राम नाही. माझ्या हातून पूर्ण शिकून गेलेला असा विद्यार्थी दुसरा आठवत नाही.

आता तिसरी.

आमचे मूळ गाव अर्जुनी मोरगावकडे, तलावाखालची धानाची जमीन. मी शिकून गोंदियाला नोकरीला लागलो. माझी पत्नी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली, पुढे मी लग्न केले नाही. जमीन धाकट्या भावाने सांभाळली. तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. त्याचे नाव राम, घरात रामा. अंगाने धिप्पाड, स्वभावाने उतावळा. लढाईच्या दिवसांत आसामकडे रस्ते बांधायला माणसे नेणारा एक ठेकेदार गावात आला आणि रामा त्याच्याबरोबर मुकादम म्हणून निघून गेला. बायकोला सांगितले ते बैल दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून झाल्यावर. सुरुवातीला दोन पत्रे आली. मग काही नाही.

जमीन बटाईने देऊन आई आणि रामाची बायको पार्वता गोंदियाला माझ्याकडे राहायला आल्या. पार्वतेचे वडील खेड्यातले मास्तर होते, त्यांनी तिला मराठी सातवीपर्यंत शिकवले होते. मूलबाळ नव्हते. माझ्या दोन खोल्यांत तिला दिवस पुरत नसे. त्या सुमारास नागपुरातल्या एका दवाखान्यात नर्सचे शिक्षण घेण्यासाठी या जिल्ह्यातून बायका निवडायच्या आहेत, असे मी वाचले. मराठी सातवी आणि कामापुरते इंग्रजी. चौकशी केली तेव्हा कळले की परीक्षेला भर भूतकाळावर असतो. दिवसभरात रोग्याचे काय झाले ते संध्याकाळी डॉक्टरला सांगता आले पाहिजे. मी आईजवळ विषय काढला. आईने आत जाऊन विचारले. बाहेर येऊन म्हणाली, "हो म्हणते. पण शिकवील कोण? तू तं भासरा."

नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा. आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यासमोर येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. मी जेवायला बसलो की ताट आईच्या हातून येई. इंग्रजी तर बोलल्याशिवाय येत नाही. शेवटी असे ठरले की दोन खोल्यांच्या मधल्या दाराचे एक कवाड लोटायचे. मी बाहेर खुर्चीवर, पार्वता आत कवाडामागे, आणि उंबरठ्याजवळ आई तांदूळ निवडत बसणार. पाटी उंबरठ्यावरून सरकवायची. मी लिहून आत सरकवली की बारीक, सरळ अक्षरांत उत्तर बाहेर येई. बोलायचे ते आईच्या मार्फत.

"माय, तिला विचार, गोचा भूतकाळ काय?"

आत कुजबुज.

"ती म्हणते, वेंट."

"तो गेला नाही, हे कसे म्हणेल?"

पुन्हा कुजबुज. "ही डिडनाट गो म्हणते. बरोबर हाये का?"

"बरोबर."

दहा-बारा दिवसांत आईला 'डिड नॉट' इतके पाठ झाले की दूधवाली उशिरा आली तेव्हा ती दारातच म्हणाली, "काऊन वो, दूध डिडनाट?" दूधवाली घाबरून म्हणाली, "नाही वो बाई, पाणी नाही घातलं."

मग एक दिवस आईने सूप खाली ठेवले. "मी का पोपट आहो? सारा दिवस ही वेंट, शी वेंट! बोल वो पार्वता, थेट बोल. शिकवते तवरिक तो मास्तर आहे. धडा झाला का मंग भासरा."

मग कवाडामागून आले, "गुरुजी, पुढचं वाक्य सांगा."

वर्षानुवर्षे एकाच घरातले आम्ही, आणि तिचा आवाज मी त्या दिवशी प्रथम नीट ऐकला.

ती हुशार होती असे नुसते लिहिले तर पुरत नाही. वर्गातली मुले रूप पाठ करून थांबतात. ती विचारी, "गुरुजी, रोगी औषध प्याला आणि मंग ओकला, तं प्याला म्हणायचं का नाही?" मी म्हणे, दोन्ही सांगायचे. "मंग डॉक्टर म्हणीन, कोनतं खरं?" दोन्ही खरे. ती पाटीवर दोन्ही लिही.

अडले ते भलत्याच ठिकाणी. आमच्या शाळेतल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येक धड्यात एक मुलगा हटकून येतो. रामा रोज नदीवर जातो. रामा आंबा खातो. ही वाक्ये भूतकाळात करा. गोविंदाची, सीतेची वाक्ये ती फटाफट करी. रामाचे वाक्य आले की पाटीवर नुसते 'ही', तोंडाने विचारले तरी 'ही'.

मी चिडलो. "नाव जसे आहे तसे ठेवायचे. आपल्या मनाने बदलायचे नाही."

पाटी बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आई माझ्यावर खेकसली.

"काऊन रे, एवढी पुस्तकं वाचली तुनं! नवऱ्याचं नाव कशी घेईन ते?"

खोटे वाटेल, पण तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. ते पुस्तक मी इतकी वर्षे शिकवत होतो की त्यातला रामा आणि माझा रामा ही माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहणारी माणसे होती. मी पेन्सिल घेऊन तिच्या पुस्तकात जिथे तिथे गोपाळ केले. पण परीक्षक आपले पुस्तक आणणार. म्हणून एकदा मी समजावून पाहिले. हे शाळेतले नाव आहे, कुणाचे आयुष्य त्याने कमी होत नाही, मी स्वतः दिवसातून पन्नासदा घेतो.

ती कवाडामागून सावकाश म्हणाली, "तुमचं वेगळं, गुरुजी. तुम्ही त्यायचे भाऊ. गावात म्हणतात, बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते. मले खरं वाटते असं नाही. पण आठ महिने झाले, पत्र नाही. पत्र येऊ द्या. मंग घेतो."

मी पुस्तकाचे पान उलटले. मलाही पत्र आले नव्हते.

पत्र आले ते परीक्षेच्या अकरा दिवस आधी. रामाने ठेकेदाराकडे माझ्या शाळेचा पत्ता दिला होता, इंग्रजी वाचणारा घरात मीच म्हणून. पोस्टमनने पाकीट वर्गात आणून दिले. मुले रूपे म्हणत होती. मी उभ्या उभ्या वाचले. टाइप केलेली पाच वाक्ये होती. तुमच्या भावाला ताप आला. त्याला तळावरच्या दवाखान्यात नेले. त्याने तीन दिवस काढले. तो वाचला नाही. त्याच्या माणसांनी तिथेच त्याचे क्रियाकर्म केले. खाली सही. मुलांचे म्हणून झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटले, पुन्हा एकदा. त्यांनी पुन्हा म्हटले. तास संपेपर्यंत मी त्यांना तेच म्हणायला लावले.

मधल्या सुट्टीत शाळेच्या विहिरीवर कपड्यांसकट दोन बादल्या अंगावर घेतल्या. शिपाई धावत आला, "गुरुजी, ऊन लागलं का?" मी हो म्हटले.

पत्र घरी नेता येईना. घरात आता इंग्रजी वाचणारी दोन माणसे होती. आणि त्या पाच वाक्यांत एकही रूप असे नव्हते जे मी पार्वतेला शिकवले नव्हते. ते मी शाळेच्या कपाटात रिकाम्या रजिस्टरांच्या खाली ठेवले आणि किल्ली खिशात घातली.

का लपवले? लोकांना मी सांगतो ते असे. बातमी फुटली असती तर पार्वतेला महिनोन्‌महिने उंबरठ्याबाहेर पडू दिले नसते. तिचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले असते. परीक्षा चुकली असती, आणि नव्या विधवेला पुढच्या वर्षी कोणी पाठवले नसते. हे सगळे खरे आहे. पण आईला ते वाक्य सांगायचे धैर्य माझ्यात नव्हते, हेही तितकेच खरे आहे, आणि पार्वतेची परीक्षा मला त्या कामाला उपयोगी पडली.

ते अकरा दिवस मी शिकवणी चालू ठेवली. आई उन्हात मुगाच्या वड्या घालत होती आणि रामाला आवडतात म्हणून त्याच्या वाटच्या वेगळ्या मडक्यात भरत होती. घरात सुतक होते आणि मी एकटाच ते जाणून होतो. देवाला फूल वाहायचे टाळले तर आई विचारील, म्हणून वाहत होतो. जेवत होतो. कवाडामागून प्रश्न येत होते आणि मी उत्तरे देत होतो. एकदा तिने विचारले, "गुरुजी, बरा झाला याचं रूप तुम्ही दिलं. बरा नाही झाला, हे कसं म्हणायचं?" मी पाटीवर लिहून सरकवले. बोललो नाही.

परीक्षा भंडाऱ्याला होती. आई बरोबर आलीच, नाहीतर पार्वता आणि मी एका गाडीत बसू शकलो नसतो. एका बंगल्याच्या खोलीत नागपूरहून आलेल्या मडम टेबलामागे बसल्या होत्या. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणे अर्धे हिंदी आणि अर्धे इंग्रजी. आम्ही व्हरांड्यात, दार सताड उघडे. पार्वता पदर कपाळापर्यंत घेऊन उभी राहिली. पहिले सात-आठ प्रश्न नीट गेले. मग मडमनी टेबलावरचे पुस्तक उघडले, आणि पान उलटण्याच्या आवाजावरूनच मला कळले की ते आमचेच पुस्तक आहे.

रामा रोज नदीवर जातो, त्या इंग्रजीत म्हणाल्या. काल?

"ही वेंट टु द रिव्हर."

"कौन ही? वॉर्ड में बीस ही होते हैं. नाम बोलो."

पार्वतेने पदर आणखी पुढे ओढला.

"नहीं आता?"

"आय नो," पार्वता म्हणाली. पण नाव घेतले नाही.

मडमनी पेन्सिल उचलली. खुणा करण्याआधी परीक्षक जसा क्षणभर थांबतो तशा त्या थांबल्या. मी उठून दारात गेलो. इंग्रजीत म्हटले की मडम, क्षमा असावी, हे तिच्या नवऱ्याचे नाव आहे, आमच्यात बायका ते घेत नाहीत.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "पति कहाँ है?"

पार्वतेने मान वळवली नाही. पण तिचा सगळा जीव कानात आला होता, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होते. ती तेव्हा मोकळी होती. नाव घेतल्याने जे घटायचे ते आता उरलेच नव्हते. मी एक वाक्य बोललो असतो तर तिची अडचण संपली असती, आणि परीक्षाही तिथेच संपली असती.

मी म्हणालो, "आसाममध्ये आहे. कामावर आहे."

मडम पार्वतेकडे वळल्या. "देखो बाई, वॉर्ड में हर दूसरा मरीज राम है. तब क्या करोगी? दवा नहीं दोगी?"

पार्वता एकेक शब्द ठेवत म्हणाली, "द पेशंट इन द कॉर्नर बेड वेंट टु द रिव्हर."

"पेशंट?" मडमचा आवाज चढला. "व्हाय डिड ही गो टु द रिव्हर?"

"ही डिड नॉट आस्क मी."

मडम मोठ्याने हसल्या, चष्मा काढून पुसला. बाहेर आई मला कोपराने ढोसत होती, "काय म्हणाली रे? काय म्हणाली?" मी सांगितले. आईही हसली. "खरंच तं हाये. कोण इचारते बायकोले!"

निवड झाल्याचे पत्र तीन आठवड्यांनी आले. ते मी घरी आणले, आणि त्याच दिवशी कपाटातले दुसरेही आणले. त्या संध्याकाळचे शेवटी लिहितो. आधी पुढचे सांगून टाकतो.

पार्वता नागपूरला गेली. तिच्या भावांनी येऊन घर डोक्यावर घेतले, विधवा बाई परक्या गावात, परक्या पुरुषांची अंगे पुसणार म्हणून. आई म्हणाली, "जाऊ द्या तिले. इथं राहून कोणाचं तोंड पाहीन? माझं का याचं?" याचं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. सुतकात मी देव शिवले, तिला वड्या घालू दिल्या, हे तिने कधी बोलून दाखवले नाही. त्या वर्षीपासून मात्र तिने वड्या घातल्या नाहीत.

निघायच्या दिवशी आई तिकीट काढायला रांगेत उभी असताना पार्वता फलाटावर माझ्यापासून चार हातांवर ट्रंकेजवळ होती. तिथे कवाड नव्हते. तिने तोंड रुळांकडे केले आणि विचारले, "मडमले तुम्ही सांगितलं, कामावर आहेत म्हणून. तवा तुमच्याजवळ पत्र होतं ना?"

"होते."

"मले गाडीतच सांगितलं असतं तरी मी परीक्षा दिली असती."

मी म्हटले, "मला तसे वाटले नाही."

"तुम्ही इचारलं नाही," ती म्हणाली.

ती आज नर्स आहे. पगारातून आईला औषधे पाठवते. पत्रे आईच्या नावाने, मराठीत येतात. मी ती आईला वाचून दाखवतो. त्यांत माझ्याविषयी वाईट एक अक्षर नसते, चांगलेही नसते. पूर्वी कवाडामागून आलेला 'गुरुजी' त्यांत कुठे नाही. माझे डोळे ती असलेल्या दवाखान्यात दाखवावेत असे आई म्हणते. मी पुढे ढकलतो आहे.

आता ती संध्याकाळ. शाळेतून येताना मी काय बोलायचे ते मनात तीन-चार प्रकारे जुळवले होते. घरी आलो तेव्हा आई उंबरठ्याजवळच बसली होती. शिकवणी संपली तरी बसायची सवय गेली नव्हती. पार्वता आत चुलीपाशी होती. मी निवडीचे पत्र वाचून दाखवले. आईने पार्वतेच्या दिशेने दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. मग मला पुढचे बोलता येईना. जुळवलेले एकही वाक्य तोंडाशी आले नाही. मी दुसरे पाकीट पाटीसारखे उंबरठ्यावरून आत सरकवले.

कागद उलगडल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "अजून एक का? वाच ना वो, मोठ्यानं वाच. मराठीत सांगजो."

पार्वता कवाडामागून बाहेर आली. माझ्यासमोर, डोक्यावरचा पदर तसाच, आणि आईच्या शेजारी बसली. तिने आधी वरची तारीख वाचली, जशी मी शिकवली होती. मग पहिले वाक्य, मग त्याचा अर्थ. "त्यायले ताप आला." दुसरे वाक्य, मग त्याचा अर्थ. "त्यायले दवाखान्यात नेलं." ती कुठेही अडली नाही. कुठलाही शब्द माझ्याकडे विचारला नाही. चौथ्या वाक्याला आईने तिचा हात धरला, तरी तिने पाचवे पूर्ण केले. मग कागदाची घडी घातली.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हते. वर्गात मुलाचे गणित चुकावे आणि फळ्यावरचे उत्तरच चुकले असावे अशी आशा धरून त्याने मास्तरकडे पाहावे, तसे काहीतरी होते.

"ते आत्ताच शिकली," आई म्हणाली. "कच्चं हाये तिचं. चुकून राहिली असंल. तू पाह्य बरं, तू मास्तर आहेस. तिनं सांगितलं ते बरोबर हाये का?"

पार्वतेने घडी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. मला पाठ होते.

मी म्हणालो, "बरोबर आहे."